तब्येतीची पैसेवारी

भाताची पैसेवारी कशी काढतात हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक, सरपंच आणि दोन-चार जाणते शेतकरी बांधावर उभे राहतात, लोंब्या हातात घेऊन बघतात आणि नजरअंदाज पैसेवारी लिहिली जाते. पुढे ती सुधारते. ठरलेल्या तुकड्यातलं भात कापून, झोडून, तोलून बघतात आणि मग अंतिम आकडा येतो. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावात चर्चा होते, कधी चार शब्दही होतात. आता त्याच बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा, "भाऊ, तुमच्या स्वतःच्या तब्येतीची पैसेवारी किती?" तो हसेल आणि म्हणेल, "बरा हाय की."

झालं. आपली तपासणी तिथेच संपते.

वाचकहो, "बरा हाय" हे आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत स्वस्त उत्तर आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही विचारा, हेच मिळेल. बोलीप्रमाणे शब्द थोडा इकडेतिकडे होईल एवढंच. पण त्याचा अर्थ 'माझी तब्येत चांगली आहे' असा क्वचितच असतो. 'मी उभा आहे, कामाला जातो, कुणावर ओझं झालेलो नाही' असा असतो. गुडघा सुजलेला असो, रात्रभर खोकल्याने डोळ्याला डोळा लागलेला नसो, चढाला धाप लागत असो, लावणीला माणूस चिखलात उतरला की तो बरा. ज्याने अंथरूण धरलं तो आजारी. या दोहोंच्या मधली जागा आपण ठेवलेलीच नाही.

त्या मधल्या जागेसाठी आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग मात्र आहे, अंगावर काढणे. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, पाळीचा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढला. हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, तक्रारीने नाही. दुखणं बोलून दाखवणारा माणूस वाडीत 'रडगाणं गाणारा' ठरतो. आणि भेटल्यावर 'काय, बरं ना?' असं विचारणाराही उत्तर ऐकायला थांबलेला नसतो, तो रामराम घालत असतो. हे सगळं खरं आहे आणि त्यात वाईट काही नाही. अडचण अशी, की डॉक्टर, आशाताई, सर्वेक्षणाला आलेला माणूस हे सगळे तोच प्रश्न विचारतात आणि आपण त्यांनाही रामरामाचंच उत्तर देतो.

शंभर पैसे कशाला म्हणायचं?

माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल काय सांगतो, हे मोजण्याचं एक शास्त्र आहे. 'आरोग्याशी निगडित जीवनमान' असं भारदस्त नाव त्याला आहे. रक्त-लघवीच्या रिपोर्टात काय आलं ते वेगळं. हे शरीर घेऊन तुमचं रोजचं जगणं कसं चाललंय, हे तुमच्या तोंडून ऐकायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच म्हटलं होतं, की आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे. शरीर, मन आणि समाजातलं जगणं तिन्ही ठीक हवं. पुढे १९९० च्या दशकात याच संघटनेने जगातल्या पंधरा केंद्रांत, त्यात आपली दिल्ली आणि मद्रासही होती, लोकांना विचारून शंभर प्रश्नांची एक यादी बनवली. शंभर प्रश्न ऐकून कुणीही उठून जाईल, म्हणून नंतर ती सव्वीसांवर आणली.

युरोपातल्या अभ्यासकांच्या एका गटाने १९८७ पासून आणखी सुटसुटीत रीत काढली. पाच गोष्टी विचारायच्या: चालता-फिरता येतं का, आपलं आपण आवरता येतं का, नेहमीची कामं होतात का, दुखतं-खुपतं का, मनाला काळजी किंवा उदासी आहे का. आणि शेवटी तापमापकासारखी शून्य ते शंभर अशी उभी पट्टी दाखवून म्हणायचं, आजची तुमची तब्येत या पट्टीवर कुठे आहे ते दाखवा. ही चक्क पैसेवारीच की! आपल्या तलाठ्याला ही पद्धत समजावायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

फरक एकच, पण तो मोठा आहे. पिकाच्या पैसेवारीत शंभर पैसे म्हणजे किती, हे प्रमाण उत्पन्न वरून ठरवून दिलेलं असतं. तब्येतीत ते ज्याचं त्याने मनाशी ठरवायचं असतं. आणि घोटाळा होतो तो इथेच.

आपल्या वाडीतले सत्तरीचे आजोबा डोळ्यांसमोर आणा. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी आंब्यावर चढणं सोडलं, 'आता पोरं चढतात' म्हणाले. साठीला नांगर सोडला, 'पॉवर टिलर आला' म्हणाले. मग वरच्या कातळावरच्या कलमांकडे जाणं बंद झालं, बाजाराला जाणं बंद झालं, मग देवळापर्यंत जाणं फक्त शिमग्यापुरतं उरलं. आज ते पडवीत बसून सुतळी वळतात आणि ओटीवरची कोंबडी हाकलतात. त्यांना विचारा, 'आजोबा, नेहमीची कामं होतात का?' ते म्हणणार, 'होतात की!' खोटं नाही बोलत हो ते. त्यांचं 'नेहमीचं' दर वर्षी थोडं थोडं आक्रसत गेलं आणि शंभर पैशांचं माप त्याच्याबरोबर खाली आलं. दहा वर्षांपूर्वीच्या मापाने मोजलं तर कदाचित चाळीस पैसे भरतील. आणि त्यातला एखादा गुडघा, एखादा मोतीबिंदू, ऐकू न येणारा एखादा कान वेळेवर दाखवला असता तर बराच परत आला असता. मोतीबिंदूला 'वयोमान' म्हणून घरात बसवून ठेवणं यासारखा तोटा नाही.

सिंगूरच्या विधवा

आता थोडं लांबचं उदाहरण देतो, कारण ते ऐकल्यावर आपल्या घरातलं दिसायला लागतं. १९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याच्या 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ' या संस्थेने जवळच्या सिंगूर भागात लोकांच्या तब्येतीची पाहणी केली. त्यात बायको वारलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. नवरा वारलेल्या बायकांत असं म्हणणाऱ्या किती? अवघ्या अडीच टक्के. त्यातही 'यथातथाच' म्हणणारे पुरुष ४५.६ टक्के आणि बाई एकही नाही. त्या काळच्या बंगालमधली विधवा, दुष्काळानंतरची, आणि तिची तब्येत विधुरापेक्षा चांगली? कुणाला पटेल? अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८५ मध्ये हे आकडे पुढे आणले आणि त्यातून दाखवलं, की ज्याला आयुष्याकडून काही मागायची सवयच नाही, तो कमतरताही सांगत नाही. 'आजारी' हे निदान तरी समजतं. 'बरं वाटत नाही' म्हणायला आधी 'मला बरं वाटायला हवं' असं वाटावं लागतं.

सिंगूर सोडा, आपल्या जिल्ह्यात या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. साऱ्या राज्याचा आकडा ९२९. याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे: कर्ता पुरुष मुंबईला, गणपती-शिमग्याला येणार. गाव चालतं ते बायकांवर. भाजावळ, तरवा, लावणी, कापणी, गुरं, पाणी, लाकूडफाटा, सासू-सासऱ्यांची आजारपणं आणि मोसमात आंब्याची भरणी किंवा काजूचा कारखाना. अशा बाईला विचारून बघा. "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर. थकवा आला की कोरा चहा, त्यावर भागलं नाही तर मशेरी.

आता दुसरी बाजू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पुरुषांत ते प्रमाण २१.९ टक्के. निम्म्याहून जास्त बायका! यातल्या किती जणी 'मी आजारी आहे' म्हणत असतील? चढ चढताना धाप लागणं, उठताना अंधारी येणं, दुपारनंतर हातपाय गळून जाणं, हे त्यांच्या लेखी दुखणंच नाही, ते बाईपण आहे. आईला तसंच होत होतं, सासूलाही होतं. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींचा दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला तो यासाठीच, की हे पाणी कुठून मुरतं ते लग्नाआधीच कळावं.

जास्त तक्रार, जास्त आयुष्य

यातून एक विचित्र गोष्ट घडते. केरळमधले लोक देशाच्या सरासरीपेक्षा जास्त जगतात आणि 'आम्ही आजारी आहोत' असंही तेच जास्त सांगतात. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि तक्रारही कमी. अमेरिकेतली माणसं तर केरळवाल्यांपेक्षाही जास्त दुखणी सांगतात. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अमर्त्य सेन यांनीच हे मांडलं होतं. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आपल्या शरीराचा हिशेब ठेवतो, म्हणून दुखणं ओळखतो, म्हणून बोलतो आणि म्हणून वाचतो.

आपल्या देशाच्या नमुना पाहणीतही तेच दिसतं. २०१७-१८ मध्ये 'गेल्या पंधरा दिवसांत काही दुखणं होतं का' असं विचारल्यावर शहरातले ९.१ टक्के लोक हो म्हणाले, खेड्यातले ६.८ टक्के. खेड्यातली हवा चांगली, म्हणून आपण निरोगी, असा अर्थ काढून खुशाल झोपू नका. यात आणखी एक मेख आहे. पाहणीवाला ओटीवर येतो तेव्हा बहुधा घरातलं कुणी एकच माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतं. 'आईचं काय?' 'ठीक आहे.' 'बायकोचं?' 'ठीक आहे.' स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कंबरेचं उत्तर ओटीवरचा पुरुष देतो! भाताची पैसेवारी शेजारच्या गावाला विचारून लावली तर चालेल का तुम्हाला?

आणि जे नोंदलं जात नाही ते मागताही येत नाही. अमुक गावात सांधेदुखीचे, रक्तदाबाचे, उदासीचे माणूस किती हे कागदावर नसेल, तर उपकेंद्राने कुणासाठी शिबिर लावायचं आणि औषधाची मागणी कशावर करायची?

मग माणसाच्या सांगण्याला किंमतच नाही?

असं मुळीच नाही, आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. 'बरं आहे' यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे खरं. पण 'तब्येत वाईट आहे' असं माणूस म्हणाला, तर तो शब्द सोन्यासारखा धरावा. १९९७ मध्ये दोन अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांतल्या २७ पाहण्या एकत्र करून बघितल्या. 'तुमची तब्येत एकंदर कशी आहे?' या एकाच प्रश्नाला जे 'वाईट' म्हणाले, ते पुढच्या वर्षांत जास्त दगावले होते. वय, माहीत असलेले आजार, बाकीच्या तपासण्या हे सगळं हिशेबात धरूनही २७ पैकी २३ पाहण्यांत हे दिसलं. डॉक्टरच्या यंत्रात न सापडलेलं काहीतरी त्या माणसाला आतून कळलेलं असतं.

हे परदेशातलंच आहे असं म्हणाल, तर पुण्याजवळच्या वढू भागात या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं तिथे जुनं ग्रामीण केंद्र आहे. त्यांनी २००७ मध्ये आसपासच्या २२ गावांतल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांवर माणसांना, जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीचा भाग म्हणून, त्यांच्या तब्येतीबद्दल आणि जगण्याबद्दल विचारलं. स्वतःचं जगणं कमी गुणांचं सांगणाऱ्यांत बायका जास्त होत्या आणि जास्त वयाची माणसं जास्त होती. शिकलेल्यांनी आणि जोडीदार हयात असलेल्यांनी बरे गुण दिले. बघा, इथे बायका बोलल्या. नीट, एकेकीला बसून विचारलं की बोलतात! पुढे त्याच लोकांवर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की तब्येत वाईट सांगणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हा घरातली आजी जेव्हा म्हणते, 'आता काय खरं नाही बाबा माझं', तेव्हा 'उगाच काहीतरी बोलू नको' म्हणून तिला गप्प करू नका. तिला दाखवायला न्या.

विचारायचं कसं

'बरं आहे का?' हे विचारणं सोडा, किंवा रामरामापुरतं ठेवा. तब्येतीसाठी कामाचा प्रश्न विचारा. विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन येताना मध्ये किती वेळा टेकता? गेल्या लावणीला दिवसभर वाकता आलं, की दुपारी बांधावर बसावं लागलं? एसटीच्या पायरीवर चढताना कुणाचा हात लागतो का? रात्री किती वेळा उठता? पूर्वी भजनाला जात होता, आता का जात नाही? याला 'बरा हाय' असं उत्तर देताच येत नाही. आणि तुलना गेल्या वर्षीच्या स्वतःशी करायला सांगा. शेजाऱ्याशी तुलना केली, तर त्याच्यापेक्षा वाईट कुणीतरी नेहमीच सापडतो.

वेळही बघा. गणपतीत विचाराल, तर मुंबईची पोरं घरात असतात, सगळ्या म्हाताऱ्यांची तब्येत झकास असते. तोच प्रश्न अनंत चतुर्दशीनंतर पंधरा दिवसांनी, घर रिकामं झाल्यावर विचारा.

अभ्यासक आणखी एक युक्ती करतात आणि ती बचत गटाच्या बैठकीत सहज करून बघण्यासारखी आहे. एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगायची. समजा, एक बाई आहे; रिकाम्या हाताने पऱ्यापलीकडे जाऊन येते, पण डोक्यावर भारा असला तर वाटेत दोनदा बसते. तिला त्रास किती? काहीच नाही, थोडा, की फार? एकाच चटईवर बसलेल्या बायकांत कुणी 'थोडा' म्हणेल, कुणी 'फार'. बाई तीच, शिवार तेच, पैसेवारी मात्र वेगळी. कुणाचं माप किती खाली गेलंय ते तिथल्या तिथे कळतं. जी 'काहीच नाही' म्हणेल, तिचं रक्त आधी तपासून घ्या.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. तो रेशनकार्डाच्या झेरॉक्ससारखा उरकायचा कागद समजू नका. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातला रक्तदाब-मधुमेह यांचे गुण असतात. चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात. म्हाताऱ्या माणसांसाठी उभं राहताना तोल जातो का, अंघोळ-कपड्याला मदत लागते का असे प्रश्न असतात. आणि मनाबद्दल दोन: गेल्या दोन आठवड्यांत कशात गोडी वाटत नाही असं झालं का, उदास-निराश वाटलं का. ही शेवटची दोन उत्तरं सासू, सून, नवरा समोर उभे असताना खरी येत नाहीत. आशाताईंना आणि त्या कुटुंबालाही त्यासाठी पाच मिनिटं एकांत द्या. आपल्याकडे मनाचं दुखणं म्हटलं की लोकांना थेट रत्नागिरीचं मनोरुग्णालय आठवतं आणि तोंड बंद होतं. दोन आठवडे झोप न येणं आणि वेड लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत. कितीही नीट विचारलं तरी माणूस 'बरा' म्हणेल आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असेल. तिथे विचारून भागत नाही, मोजावंच लागतं. नजरअंदाज पैसेवारीनंतर पीक कापणी प्रयोग करतात, तसंच हे.

आता दोन शब्द सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. अशी उत्तरं गोळा केलीत की तुमच्या लक्षात येईल, निम्म्या उत्तरांना गोळीची गरजच नाही. एका वाडीतल्या सात-आठ म्हाताऱ्यांनी 'खाली रस्त्यापर्यंत उतरवत नाही' असं सांगितलं, तर दुखणं त्यांच्या गुडघ्यात आहे तितकंच त्या पाखाडीतही आहे. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे हाताला धरायला पाइपाचं कठडं लागलं, मधल्या वळणावर टेकायला एक कट्टा झाला आणि पावसाआधी शेवाळ खरवडून काढलं, तर त्या वाडीतले तीन-चार जण तरी पुन्हा एसटीपर्यंत, आरोग्य केंद्रापर्यंत, देवळापर्यंत येऊ लागतील. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाखाडी नेहमीच असते, फक्त ती बांधकाम म्हणून लिहिलेली असते. पुढच्या ग्रामसभेत तिच्यापुढे कंसात त्या सात-आठ माणसांचा आकडा लिहून बघा. आणि त्या ग्रामसभेला ती माणसं वर येऊ शकणार नाहीत, तेव्हा सभेआधी कुणीतरी खाली वाडीत जाऊन त्यांना विचारून या.